लिस्बन पायी बघताना: किल्ल्यापासून कार्मोपर्यंत

लिस्बनला जाणारे बरेच जण पहिल्याच दिवशी ती पिवळी २८ नंबरची ट्राम पकडायला रांगेत उभे राहतात, आणि ट्राम खरंच सुंदर आहे, आतून सगळं लाकडी, वळणावर भिंतीला घासेल की काय असं वाटत जाते, पण मला अगदी मनापासून वाटतं की हे शहर पायी बघायचं आहे आणि त्यातही वरून खाली यायचं आहे. गाइड नको, ग्रुप नको, हेडफोन नको. फक्त आधी थोडं वाचून जायचं आणि क्रम नीट ठेवायचा. टेकडीवरचा किल्ला, मग अल्फामाची जुनी वस्ती, मग नदीकाठचा मोठा चौक, मग बायशाची सरळ बाजारपेठ, रॉसियूचा चौक, आणि शेवटी परत थोडं चढून कार्मोचा मठ. सगळं मिळून तीन किलोमीटरच्या आसपास भरतं, पण आम्हाला, म्हणजे मला आणि आईला, अख्खा दिवस लागला आणि तरी शेवटी घाई झाली असं वाटलं.

हा क्रम का सांगतेय ते आधी सांगते. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनमध्ये प्रचंड भूकंप झाला आणि तेव्हापासून या शहराचे दोन भाग आहेत, भूकंपाच्या आधीचं आणि नंतरचं. वरून खाली चालत आलात तर तुम्ही जुन्यातून नव्यात येता, आणि शेवटी कार्मोला पोचता तिथे भूकंपात पडलेलं छप्पर आजपर्यंत परत घातलेलं नाही. आणि आपल्या लोकांसाठी दुसरंही एक कारण आहे. आपण शाळेत पोर्तुगीज म्हटलं की वसई, चिमाजी अप्पा, १७३९, मग गोवा, १९६१ असं शिकलो, सगळं या किनाऱ्यावरून. त्या किनाऱ्यावर काय चाललं होतं ते मला तरी इथे चालल्यावर पहिल्यांदा नीट कळलं.

किल्ल्यापर्यंत चढायला जायचं नसेल तर फिगेरा चौकातून ७३७ नंबरची छोटी बस थेट वर जाते, आईच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही तीच घेतली. साओ जॉर्जचा किल्ला मूळचा अरब काळातला, ११४७ मध्ये पहिला पोर्तुगीज राजा अफोन्सो हेन्रिक यानं तो जिंकला, धर्मयुद्धाला पूर्वेकडे निघालेले इंग्लिश, जर्मन, फ्लेमिश लोक वाटेत थांबवून त्यांच्या मदतीनं. आज ज्या तटावरून आपण चालतो त्यातला मोठा भाग मात्र १९४० च्या आसपास हुकूमशहा सालाझारच्या काळात दुरुस्त करून उभा केलेला आहे, त्यामुळे सिंधुदुर्ग किंवा रायगड बघणाऱ्या माणसाला हे दगड जरा जास्तच नीटनेटके वाटतात. आत मोर फिरतात, अगदी बिनधास्त, माणसांच्या पायात पायात.

पण वर यायचंच, कारण इथून सगळा नकाशा डोळ्यासमोर येतो. समोर तेजो नदी, इतकी रुंद की पहिल्यांदा समुद्रच वाटतो. उजवीकडे लांबवर लाल रंगाचा झुलता पूल. तो १९६६ मध्ये झाला तेव्हा त्याचं नाव सालाझार पूल होतं, आता त्याचं नाव २५ एप्रिल पूल आहे. ही तारीख लक्षात ठेवा, दिवसभर ती परत परत भेटते.

किल्ल्यातून उतरलं की पाच-सात मिनिटांत पोर्तास दु सोल नावाचा सज्जा येतो, खाली अल्फामाची लाल कौलं आणि नदी, सगळे तिथेच फोटो काढतात. काढाच. पण तिथून अगदी चार पावलं पुढे सान्ता लुझियाचं छोटं चर्च आहे, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची दोन मोठी चित्रं आहेत आणि बोगनवेलीच्या सावलीत बसलेली माणसं त्यांच्याकडे पाठ करून नदी बघत असतात. एका चित्रात ११४७ ची किल्ल्यावरची लढाई. दुसऱ्यात नदीकाठचा मोठा चौक, भूकंपाच्या आधी होता तसा, म्हणजे राजवाडा, मनोरा, माणसांची गर्दी. हे दुसरं चित्र नीट बघून घ्या, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण तासाभरानं आपण त्याच जागेवर उभे राहणार आहोत आणि चित्रातलं जवळपास काहीच तिथे नसणार आहे.

अल्फामात मी रस्ता सांगत बसत नाही. उतार दिसला की उतरायचं, पायऱ्या दिसल्या की उतरायच्या, शेवटी तुम्ही नदीकडेच पोचता. हा भाग खडकावर आहे म्हणून भूकंपात बराचसा वाचला, आणि म्हणूनच गल्ल्या जुन्या वळणाच्याच राहिल्या, दोघं समोरासमोर आली तर एकानं दारात सरकायचं इतक्या अरुंद. वाळत घातलेले कपडे, खिडकीत बसून गप्पा मारणाऱ्या आज्या, कोळशावर सार्डिन भाजल्याचा वास. जूनमध्ये संत अँथनीचा सण असतो तेव्हा तर म्हणे सगळी गल्ली चुलीसमोर बसते. हा संत अँथनी जन्मला लिस्बनमध्येच, ११९५ च्या सुमारास, त्याच्या जन्मस्थानावरचं चर्च इथल्या कॅथेड्रलच्या अगदी समोर आहे, आणि आईला तो चांगला माहीत होता कारण तिचं लहानपण वसईला गेलं, शेजारच्या घरातल्या देव्हाऱ्यात बाळ येशूला कडेवर घेतलेला हाच संत होता.

कॅथेड्रलला इथे नुसतं "से" म्हणतात, जुन्या गोव्यातल्यासारखंच. पण जुन्या गोव्याचं से पांढरंशुभ्र आणि भव्य आहे, आणि हे मात्र किल्ल्यासारखं, जाड भिंती, दोन बुटके मनोरे, वर कंगोरे. मशिदीच्या जागेवर बाराव्या शतकात बांधलेलं. इथून पुढे जाताना रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांकडे बघा, एक जहाज आणि त्यावर दोन कावळे असं चिन्ह दिसेल, ती शहराची खूण. संत व्हिन्सेंटच्या अस्थी ११७३ मध्ये जहाजातून लिस्बनला आणल्या तेव्हा दोन कावळे शेवटपर्यंत सोबत आले अशी गोष्ट आहे. त्यानंतर मला दिवसभर सगळीकडे कावळेच दिसत राहिले, गटाराच्या झाकणावरसुद्धा.

से च्या अगदी बाजूला एक साधी, फिकट रंगाची इमारत आहे, पर्यटकांचे लोंढे तिच्या समोरून निघून जातात. हे अल्जुब. इथे १९२८ पासून १९६५ पर्यंत राजकीय कैद्यांचा तुरुंग होता, आता २०१५ पासून म्युझियम आहे. मला कुणी विचारलं की लिस्बनमध्ये एकच म्युझियम बघायचं तर कुठलं, तर मी हेच सांगेन, बेलेम भागातला प्रसिद्ध मठ नाही, मनोरा नाही, हे. आत कैद्यांना कोंडायच्या कोठड्या दाखवल्यात, जेमतेम आडवं पडता येईल एवढ्याच. पोलिसांची कार्डं, कैद्यांचे समोरून आणि बाजूनं काढलेले फोटो, चोरून छापलेली वर्तमानपत्रं, चौकशीच्या पद्धती, झोपूच न देणं, तासन्‌तास उभं करून ठेवणं. सालाझार १९३२ मध्ये पंतप्रधान झाला आणि १९६८ पर्यंत होता, त्याच्यानंतर मार्सेलो काएतानो. म्हणजे गोव्यात जो माणूस "हा पोर्तुगालचाच भाग, एक इंचही देणार नाही" म्हणत होता तोच माणूस इकडे आपल्याच लोकांना या खोल्यांमध्ये कोंडत होता. हे वाचून माहीत असणं वेगळं आणि त्या कोठडीच्या दारात उभं राहणं वेगळं.

या तुरुंगात राहिलेल्यांपैकी एक मारिओ सुआरेस, पुढे पोर्तुगालचे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष झालेले. आणि इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे कारण ती आपल्याकडे फार कुणाला माहीत नसते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला पण पोर्तुगालनं ते मान्य केलं नव्हतं, तब्बल तेरा वर्षं. हुकूमशाही गेली तेव्हा मान्य केलं. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला, गोवा, दमण, दीव, दादरा-नगरहवेली भारताचे आहेत हे पोर्तुगालनं कबूल केलं, आणि त्या करारावर सह्या कुणाच्या? पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सुआरेस आणि भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. दोघंही तरुणपणी आपापल्या देशात स्वातंत्र्य मागितलं म्हणून तुरुंगात गेलेले. अल्जुबच्या जिन्यात मी हे आईला सांगितलं तेव्हा ती थांबलीच. म्हणाली, "अगं, मामा असते तर त्यांना केवढा आनंद झाला असता हे ऐकून." तिचे मामा १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात बांद्याच्या बाजूनं पत्रादेवीला गेलेले होते. नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या तेव्हा ते मागच्या रांगेत होते म्हणून वाचले, पुढचे कित्येक जण राहिले नाहीत. घरी ते फार बोलत नसत त्याबद्दल.

आणि मोहन रानडे. सांगलीचा माणूस, गोव्यात मराठी शिक्षक म्हणून राहिला, आझाद गोमंतक दलात गेला, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. त्यांना पुढे पोर्तुगालला आणलं आणि लिस्बनजवळच्या कशियशच्या किल्ल्यात ठेवलं. गोवा मुक्त झाला, आपल्याकडे दिवाळी झाली, आणि हे मात्र जानेवारी १९६९ पर्यंत इथे तुरुंगातच. त्यांना सोडवण्यासाठी सुधीर फडक्यांनी समिती काढून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बाबूजींची गाणी आपण सगळे ऐकतो, हे काम किती जणांना माहीत आहे? कशियश लिस्बनच्या बाहेर आहे, काइश दु सोद्रेवरून कश्कायशला जाणाऱ्या लोकल ट्रेननं जाताना वाटेत स्टेशन लागतं. बीचवर जाणारी सगळी गाडी तिथून जाते. तुम्ही कधी त्या गाडीत असाल तर स्टेशनचं नाव बघा, एवढंच.

अल्जुबमधून बाहेर आलं की थोडा वेळ काही बघावंसं वाटत नाही. आम्ही समोरच्या कॅफेत बसलो. काउंटरवर पास्तेल द नाता, म्हणजे इथल्या छोट्या कस्टर्ड टार्टच्या शेजारी काचेत काय होतं, तर शामुसा, म्हणजे आपला समोसाच, पातळ कुरकुरीत पारीचा, छोटा त्रिकोणी. गोव्यामार्गे आणि मोझांबिकमार्गे इथे आला आणि आता लिस्बनच्या कुठल्याही साध्या कॅफेत मिळतो, ऑफिसला जाणारी माणसं उभ्या उभ्या बिअरबरोबर खातात. आईनं दोन खाल्ले आणि आलं कमी आहे म्हणाली.

खाली नदीकडे उतरलं की कासा दुश बिकुश, समोरची सगळी भिंत टोकदार दगडांची, फणसाच्या सालीसारखी. हे घर १५२३ मध्ये ब्राझ द अल्बुकर्क यानं बांधलं, १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कचा हा मुलगा. वरचे दोन मजले भूकंपात गेले, ते विसाव्या शतकात परत चढवले, आणि जुनं-नवं कुठे जुळतं ते खिडक्यांवरून ओळखू येतं. तळमजल्यावर रोमन काळातले अवशेष आहेत. मी बाहेर उभी राहून हिशोब करत होते की या दगडांमध्ये मांडवीच्या काठचा किती पैसा असेल, आणि आकडा कुठून आणणार, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

आणि मग प्रासा दु कोमेर्सिओ. तीन बाजूंनी पिवळ्या कमानी, चौथी बाजू थेट नदीला उघडी. आता मघाचा टाइल्सचा फोटो मोबाईलवर उघडा. इथे राजवाडा होता, त्याच्यात ७० हजार ग्रंथांची लायब्ररी होती असं सांगतात, आणि जवळच कासा दा इंदिया, म्हणजे भारताबरोबरच्या सगळ्या व्यापाराची कचेरी. मिरी, दालचिनी, लवंग, सगळं इथे उतरायचं, मोजलं जायचं. १७५५ च्या त्या सकाळी साडेनऊ-पावणेदहाच्या सुमारास धरणी हलली, सर्व संतांचा सण, चर्चेस माणसांनी भरलेली, सगळीकडे मेणबत्त्या पेटवलेल्या. दगडी छपरं लोकांवर पडली. जे बाहेर पडू शकले ते मोकळी जागा म्हणून इकडे नदीकाठी धावले, आणि थोड्या वेळानं नदीतूनच त्सुनामीच्या लाटा आल्या. मग आग, पाच-सहा दिवस. लिस्बनमध्ये ३० ते ४० हजार माणसं गेली असा अंदाज देतात. राजवाडा गेला, ग्रंथ गेले, कासा दा इंदियाची दप्तरंही गेली, म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या अडीचशे वर्षांच्या व्यवहाराचे कागद इथे या चौकाच्या कोपऱ्यात जळाले. इतिहासाची आवड असलेल्या माणसाला ही गोष्ट आजही टोचते.

चौकाच्या मधोमध घोड्यावरचा राजा जोझे, १७७५ मध्ये बसवलेला ब्राँझचा पुतळा. सगळे वर राजाकडे बघतात, तुम्ही खाली चौथऱ्याच्या बाजूला जा, तिथे दगडातला हत्ती आहे. पूर्वेकडच्या साम्राज्याची खूण म्हणून. हत्तीवरून गेंडा आठवला. १५१४ मध्ये गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहानं अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला, त्यानं तो गोव्याहून जहाजात घालून राजा मानुएलकडे पाठवला. युरोपात रोमन काळानंतर पहिल्यांदाच जिवंत गेंडा पोचला होता. राजानं इथल्याच राजवाड्याच्या आवारात त्याची हत्तीशी झुंज लावली, आणि हत्ती समोर गेंडा बघून पळून गेला. १५१५ च्या डिसेंबरात राजानं तो गेंडा पोपला भेट म्हणून पाठवला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून बिचारा मेला, पायात साखळ्या होत्या. मला या सगळ्या साम्राज्याच्या गोष्टीत त्या मुक्या जनावराचं फार वाईट वाटतं, कुठून कुठे नेलं त्याला.

चौकातून मोठ्या कमानीखालून आत शिरलं की बायशा. कमानीवर उभ्या असलेल्या पुतळ्यांमध्ये एक वास्को द गामा आणि एक मार्क्विस द पोंबाल. वास्को द गामाला आपण ओळखतो, पण या रस्त्यांचा मालक खरं तर पोंबाल. भूकंपानंतर राजा इतका घाबरला की दगडी छपराखाली झोपायला तयार नव्हता, वरच्या टेकडीवर तंबू आणि लाकडी घरं बांधून राहिला, आणि शहर उभं करायचं काम त्याच्या या मंत्र्यानं हातात घेतलं. इंजिनिअर मानुएल दा माइया, एउजेनिओ दुश सान्तुश आणि कार्लुश मार्देल यांनी नवा आराखडा केला. वाकड्या गल्ल्या गेल्या, काटकोनात सरळ रुंद रस्ते आले, आणि रस्त्यांना धंद्यांची नावं दिली, सोनारांचा रस्ता, चांदीवाल्यांचा, मोच्यांचा, कापडवाल्यांचा, खोगीर करणाऱ्यांचा. अजूनही पाट्यांवर तीच नावं आहेत.

पण बायशाची खरी गंमत भिंतीच्या आत आहे. प्रत्येक इमारतीच्या भिंतीत लाकडाचा सांगाडा घातलेला आहे, चौकटी आणि त्यात फुलीसारख्या तिरप्या पट्ट्या, म्हणजे जमीन हलली तर लाकूड लवेल आणि घर उभं राहील. त्याला ते पिंजराच म्हणतात. असा एक नमुना उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना जोरात पाय आपटत चालायला लावून चाचणी घेतली असं सांगतात. आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मधल्या भिंती छपराच्या वरपर्यंत नेल्यात. आणि जमीन पाणथळ म्हणून खाली लाकडी खुंट ठोकलेत, हजारोंनी. हे खुंट प्रत्यक्ष बघायचे असतील तर खोगीरवाल्यांच्या रस्त्यावर, रुआ दुश कोरेएरुशवर, एका बँकेच्या तळघरात उत्खनन केलेली जागा आहे, फुकट दाखवतात, फक्त वेळ ठरवून जावं लागतं. तिथेच खाली रोमन लोकांचे मासे खारवायचे हौद पण आहेत. अडीच शतकांपूर्वीचं भूकंपरोधक बांधकाम, तेही अख्ख्या वस्तीचं, एका नमुन्यानं. आणि पोंबालनं सगळ्या पॅरिशमधल्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली, धक्का किती वेळ बसला, समुद्र आधी मागे गेला का, किती माणसं गेली. लोक देवाचा कोप म्हणत असताना हा माणूस माहिती गोळा करत होता. तो काही संत नव्हता, विरोधकांशी अतिशय क्रूर वागला, पण या कामासाठी मी त्याला मानते.

रुआ ऑगस्ताच्या टोकाला रॉसियूचा चौक, पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा. बघताना जमीन खरंच वर-खाली आहे असं वाटतं आणि आईनं तर माझा हात धरला. सपाट आहे हो. समोर दोना मारिया थिएटर, शुभ्र खांबांचं, देखणं. ज्या जागेवर ते उभं आहे तिथे आधी इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपावरून माणसांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचं, मुख्यालय होतं.

थिएटरच्या बाजूला साओ दोमिंगोस चर्च. बाहेरून अगदी साधं. आत जा. १९५९ मध्ये मोठी आग लागली होती, नंतर चर्च परत उघडलं पण जळालेले, तडकलेले खांब तसेच ठेवले, भिंती नुसत्या केशरी रंगानं रंगवल्या, कुठलंही सोनेरी काम परत केलं नाही. आत वेगळीच शांतता आहे, पायातलं बळ जाईल अशी. एप्रिल १५०६ मध्ये इथूनच ज्यूंची, म्हणजे सक्तीनं ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची, कत्तल सुरू झाली, दोन हजारांच्या आसपास माणसं मारली गेली. बाहेर छोट्या चौकात २००८ मध्ये त्यांचं स्मारक बसवलंय, गोल दगडावर सहा टोकांचा तारा. त्याच्या आसपास आता आफ्रिकेतून आलेले लोक दिवसभर गप्पा मारत उभे असतात, आणि कोपऱ्यावर १८४० पासूनचं छोटंसं जिंजिन्या दुकान, आंबट चेरीची दारू इवल्याशा ग्लासात.

त्या दगडाजवळ मला गार्सिया द ओर्ता आठवला. ज्यू घरात जन्मलेला वैद्य, लिस्बनला विद्यापीठात शिकवायचा, इथे धोका वाढत चाललेला बघून १५३४ मध्ये जहाजानं गोव्याला गेला. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींचा, आंब्याचा, मिऱ्यांचा, हळदीचा त्यानं बारीक अभ्यास केला, मुंबई बेट तर काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं, आजच्या टाउन हॉलच्या मागच्या बाजूला त्याचं घर होतं असं मानतात. पण इन्क्विझिशन त्याच्या मागोमाग गोव्यात आलं, १५६० मध्ये. तो वारल्यावर त्याच्या बहिणीला, कातारिनाला, १५६९ मध्ये गोव्यात जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. मेलेल्या माणसाची हाडं. रॉसियूच्या लाटांवरून माणसं आइस्क्रीम खात जात होती, आणि मला वाटत होतं की कुणाला तरी थांबवून हे सांगावं.

इथून कार्मोला जायला सान्ता जुस्ताची लोखंडी लिफ्ट आहे, १९०२ ची, ४५ मीटर उंच, रांग भयंकर. आम्ही चढणीच्या रस्त्यानं हळूहळू गेलो, दहा-पंधरा मिनिटं लागतात, मध्ये थांबून थांबून.

कार्मोचा मठ १३८९ मध्ये नुनु आल्वारेस परेरा या सेनापतीनं सुरू केला. १७५५ मध्ये छत कोसळलं, नंतर दुरुस्ती सुरू झाली आणि अर्ध्यात थांबली, आणि मग लोकांनी ठरवलं की असंच राहू दे. आत शिरलं की उंच दगडी कमानी एकामागे एक, आणि वर छत नाहीच, थेट आकाश. दुपारचं ऊन कमानींमधून खाली गवतावर तिरपं पडलेलं. मी युरोपातली बरीच चर्चेस बघितलीत, सोन्यानं मढवलेली, पण इतकी देखणी वास्तू मला दुसरी सांगता येणार नाही. मागच्या छत असलेल्या भागात १८६४ मध्ये स्थापन झालेलं म्युझियम आहे, त्यात पेरूमधल्या दोन ममी आहेत, मुलांना घेऊन गेलात तर ती तिथून हलणार नाहीत.

मठाच्या समोरचा चौक छोटा आहे, जॅकरांडाची झाडं, मधे जुनं कारंजं, आणि शेजारी रिपब्लिकन गार्डचं मुख्यालय. २५ एप्रिल १९७४ ला काएतानो या इमारतीत लपून बसला होता. आदल्या रात्री बारा वाजून गेल्यावर रेडिओवर ठरलेलं गाणं वाजलं, ती खूण होती, आणि आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये तेरा वर्षं चाललेल्या लढायांना कंटाळलेले तरुण लष्करी अधिकारी रणगाडे घेऊन निघाले. सांतारेंहून आलेला कॅप्टन साल्गेइरु माइया इथे या चौकात उभा राहिला, वय तिशीच्या आतलं. रेडिओ घरी राहायला सांगत होता आणि लोक मात्र हजारोंनी रस्त्यावर आले, झाडांवर चढले, सैनिकांना जेवण आणून दिलं. सेलेस्त काएइरो नावाच्या, एका रेस्टॉरंटमध्ये काम करणाऱ्या बाईकडे त्या दिवशी लाल कार्नेशनची फुलं होती, सैनिकानं सिगारेट मागितली, ती म्हणाली सिगारेट नाही, फूल आहे, आणि त्यानं ते बंदुकीच्या नळीत खोचलं. संध्याकाळपर्यंत काएतानोनं जनरल स्पिनोलाकडे सत्ता सोपवली. त्या दिवशी चार माणसं मेली, तीही गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीच्या खिडक्यांतून केलेल्या गोळीबारात, इथून चार-पाच मिनिटांवर, त्या जागेवर नावांची पाटी आहे. तिथेही जाऊन या.

आईला मी सगळं सांगत होते आणि ती कारंज्याच्या कठड्यावर बसून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे यांना आपल्यानंतर तेरा वर्षांनी स्वातंत्र्य मिळालं." मला हे इतकं बरोबर वाटलं. पत्रादेवीला गोळी घालणारी राजवट आणि या चौकात पडलेली राजवट एकच. १९६१ मध्ये सालाझारनं गोव्यातल्या आपल्या सैनिकांना शेवटच्या माणसापर्यंत लढा असा हुकूम दिला होता, आणि गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्वा यांनी तो न मानता शरणागती पत्करली, हजारो जीव वाचवले, तर मायदेशी त्यांना लष्करातून काढून टाकलं. त्यांचा हुद्दा परत मिळाला तोही १९७४ नंतर. मी पोर्तुगीज या शब्दाकडे लहानपणापासून ज्या रागानं बघत होते तो राग गेला असं म्हणणार नाही, इन्क्विझिशन आणि सत्याग्रहींवरचा गोळीबार विसरायचा नाहीच आहे. पण राग कुणावर धरायचा ते या चौकात जास्त स्पष्ट झालं.

बेलेमबद्दल थोडक्यात, कारण त्याला वेगळी अर्धी सकाळ द्यावी, ते या वॉकमध्ये बसत नाही. जेरॉनिमोसच्या मठाचं दगडकाम अप्रतिम आहे, दोरखंड, समुद्री वेली, प्रवाळ सगळं दगडात कोरलेलं, आणि त्याचा खर्च पूर्वेच्या व्यापारावरच्या करातून केलेला. आत वास्को द गामाची कबर. तो १५२४ मध्ये कोचीनला वारला, अस्थी नंतर इकडे आणल्या. बेलेमच्या मनोऱ्याच्या एका टेहळणी बुरुजाखाली तोच आपला गेंडा कोरलेला आहे, झिजून झिजून ओळखू येईनासा झालाय, पण माहीत असलं की दिसतो. आणि नदीकाठचं दर्यावर्दींचं स्मारक, ३३ पुतळ्यांचं, ते जुनं वाटतं पण १९६० चं आहे, सालाझारनंच उभारलेलं. उद्घाटन झालं आणि पुढच्याच वर्षी गोवा गेला.

आता कामाच्या गोष्टी. बूट चांगल्या ग्रिपचे घाला, ते छोटे गुळगुळीत दगड उतारावर फार घसरतात आणि पाऊस पडून गेला असेल तर अल्फामातून उतरूच नका, बस घ्या. पाण्याची बाटली ठेवा. सकाळी किल्ला उघडताच पोचा, म्हणजे अल्फामात गर्दी व्हायच्या आत उतरता येतं. ट्राममध्ये आणि रॉसियूला पाकीटमारांपासून सावध राहा. संध्याकाळी आपल्या जेवणाची आठवण आली तर रॉसियूपासून चालत दहा मिनिटांवर मोरारियात रुआ दु बेन्फोर्मोजोला जा, पूर्ण रस्ता बांगलादेशी आणि इतर देशी दुकानांचा आहे, कडक चहा मिळतो, हिरवी मिरची मिळते. आणि अल्जुब सोमवारी बंद असतं, कार्मोचं म्युझियम रविवारी, त्यामुळे हा वॉक मंगळवार ते शनिवारच्या मध्येच ठेवा.